मळक्या पँटला ९४ लाख, मग चंद्रपूरच्या खाणीतला बिल्ला भंगारात का जातो?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात एका पँटचा लिलाव झाला. पांढरट कापड, त्यावर काळे-तपकिरी डाग, पुढे पाच बटणं. आपल्याकडे फरशी पुसायलाही कुणी घेतली नसती. ती गेली १ लाख १४ हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ९४ लाख रुपयांना.

ही पँट एका बुडालेल्या जहाजावरच्या पेटीत सापडली होती. जहाजाचं नाव एसएस सेंट्रल अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या खाणींचं सोनं आणि तिथून घरी परतणारी माणसं घेऊन ते निघालं होतं. सप्टेंबर १८५७ मध्ये वादळात सापडून ते बुडालं आणि ४२५ जण मेले. सव्वाशेहून जास्त वर्षांनी समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले, आणि सोन्यासोबत लोकांचे कपडे, पेट्या, चष्मेही वर आले.

योगायोग बघा, त्याच डिसेंबरमध्ये नागपुरात खाण उद्योगाची परिषद भरली होती. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचं तिथे सांगितलं. मग काय, चंद्रपूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपलं केजीएफ' असे मीम सुरू झाले. पुढे २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा या जुन्या बातम्या पुन्हा नव्याने फिरल्या.

साठा असणं आणि खाण सुरू होणं यात मोठं अंतर असतं. आधी प्राथमिक शोध, मग खोदून नमुने, मग एका टनात किती ग्रॅम सोनं मिळतं याचा हिशेब, आणि एवढं करून परवडलं तर लिलाव. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीतून आधीच जे काढलं गेलं, त्याच्या आठवणी आज कुणाकडे आहेत हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

खाणीच्या जुन्या वस्तू जमवतात म्हणजे काय?

सोन्या-चांदीच्या खाणींच्या जुन्या वस्तू जमवणं हा जगभर रीतसर छंद आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमध्ये त्याचे लिलाव होतात, किमतींच्या याद्या निघतात. यात खाण कंपन्यांची शेअर प्रमाणपत्रं येतात, कामगारांचे पितळी बिल्ले, कार्बाइडचे दिवे, सोनं तपासायचे बारीक तराजू आणि वजनं, धातू ओतायच्या मुशी आणि साचे, नकाशे, पगाराची पाकिटं आणि खाणीतल्या माणसांचे फोटोही येतात.

यात खऱ्या सोन्याचा वाटा कमीच. सेंट्रल अमेरिका जहाजावरच 'युरेका' नावाने ओळखली जाणारी एक मोठी लगड मिळाली. २९ किलोच्या आसपास वजन. तिच्यावर १८५७ ची किंमत ठोकलेली आहे: १७ हजार ४३३ डॉलर ५७ सेंट. २००१ मध्ये ती ८० लाख डॉलरला विकली गेली. तेवढंच सोनं सराफाकडून घेतलं असतं तर त्या वर्षी तीन लाख डॉलरच्या आत आलं असतं. वरचे सगळे पैसे त्या शिक्क्याचे आणि त्या जहाजाच्या गोष्टीचे.

ऑक्टोबर २०२२ मधला आणखी एक लिलाव. अमेरिकेतल्या एका सोडून दिलेल्या खाणीत १८८० च्या दशकातली लीवाइस जीन्स सापडली होती, ती ७६ हजार डॉलरला गेली, कमिशन वेगळं. तिच्यावर मेणाचे ठिपके होते, कारण खाणीत उजेडाला मेणबत्ती असायची. खिशाच्या आत एक ओळ छापलेली होती. ही पँट फक्त गोऱ्या मजुरांनी बनवली आहे, असा तिचा अर्थ. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला होता, तो हा काळ. म्हणजे पॅकेटवर जसा 'शुद्ध शाकाहारी'चा ठिपका, तसा कपड्यावर मजुरांच्या वंशाचा ठप्पा. इतिहासाच्या पुस्तकात हा कायदा दोन ओळींत संपतो. पँटच्या खिशात तो हाताला लागतो.

कोरपन्याचा याच्याशी काय संबंध?

कोरपना तालुक्यात सोन्याची खाण नाही आणि कधी नव्हती. इथे आहे तो चुनखडक, आणि त्यावर उभे राहिलेले सिमेंट कारखाने: आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा. शेजारच्या राजुरा तालुक्यात कोळसा. सोन्याशी नातं सापडतं ते जमिनीत नाही, कागदावर सापडतं. आणि ते बरंच रंगतदार आहे.

कोरपना तालुका पूर्वीच्या राजुरा तालुक्यातून वेगळा झाला. राजुरा तालुका आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि पलीकडे निजामाची हद्द, अशी तेव्हाची विभागणी होती.

१८८६ मध्ये निजाम सरकारने आपल्या राज्यात खनिजं शोधण्याचा आणि काढण्याचा मक्ता वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना दिला. त्यावर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचा एक असे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार शेअर मक्तेदारांच्या गटाने पैसे न भरता, 'पूर्ण भरलेले' म्हणून स्वतःकडे ठेवले. लोकांकडून खरा पैसा आला तो उरलेल्या १५ हजारांवर.

पुढे निजाम सरकारच्या वतीने लंडनमध्ये याच कंपनीचे शेअर चढ्या भावाने विकत घेतले गेले. व्यवहार करणारे अधिकारी होते सरदार अब्दुल हक. सरकारला वाटत होतं की शेअर बाजारातून घेतले जातायत, प्रत्यक्षात ते आतल्या गटाच्याच खिशातले निघाले. प्रकरण इतकं चिघळलं की १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली. अब्दुल हक यांना पद गमवावं लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर खाणीतून काही निघायच्या आधीच शेअरमधून पैसे निघाले होते.

कंपनी मात्र टिकली. १८८९ पासून तिने सिंगरेणीच्या पट्ट्यात कोळसा काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायचूर भागातल्या हट्टीच्या सोन्यामागेही तिचाच मक्ता होता. १९२० मध्ये तिच्यातूनच सिंगरेणी कोलियरीज कंपनी झाली, जी आज तेलंगणात सरकारी कंपनी म्हणून चालू आहे. हट्टीची खाण १९४७ मध्ये नव्या हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनीकडे आली, आणि आज कर्नाटक सरकारची ती कंपनी देशातली सोन्याची प्रमुख खाण चालवते. विशेष म्हणजे इंग्रज कंपनी हट्टीत पोचली तेव्हा तिथे दोनशे मीटरच्या आसपास खोल गेलेली प्राचीन खोदकामं आधीच होती, सुमारे दोन हजार वर्षं जुनी. डायनामाइट नाही, पंप नाही, तरी माणूस तिथवर उतरला होता.

त्यामुळे त्या कंपनीचं एखादं जुनं शेअर प्रमाणपत्र हातात आलं, तर त्या एका कागदात लंडनची पेढी, हैदराबादचा दरबार, हट्टीचं सोनं आणि माणिकगडच्या डोंगराखालचा हा मुलूख, सगळे एकाच मक्त्यात बांधलेले दिसतात. ज्यांच्या पायाखालची जमीन त्यात होती, त्या गोंड, कोलाम गावांचं नाव मात्र कागदावर कुठेच नसणार.

बिल्ला नंबर अमुक

शेअर प्रमाणपत्रं देखणी असतात. कोरीव छपाई, मोहर, सह्या. फ्रेम करून भिंतीवर लावावीत अशी. जमवणारे त्यांच्यामागे लागतात ते साहजिक आहे. पण खाणीची खरी गोष्ट सांगणारी वस्तू बहुतेक वेळा रुपयाएवढी पितळी चकती असते.

भूमिगत खाणीत उतरताना कामगार आपल्या नंबरचा बिल्ला लॅम्प रूममध्ये देतो आणि दिवा घेतो. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पद्धत साधी आहे, पण पाळी संपल्यावर फळीवर एखादा बिल्ला लटकलेला राहिला, तर तो माणूस अजून खाली आहे. छत कोसळलं, पाणी घुसलं, वायूचा स्फोट झाला, की सगळ्यात आधी तीच फळी पाहिली जायची. कुणाच्या घरी निरोप न्यायचा हे त्यावरून ठरायचं.

म्हणून नंबर असलेला, वापरून गुळगुळीत झालेला बिल्ला आणि कारखान्यातून कोरा निघालेला बिल्ला यांत जमवणाऱ्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि नंबरासोबत माणसाचं नाव कळलं, तर तो फरक आणखी वाढतो.

खऱ्या केजीएफमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, नंबर हा विषय फार नाजूक होता. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी तिथे खाणी चालवत होती. सोनं चोरतील या संशयाने कामगारांच्या झडत्या व्हायच्या. बहुतेक कामगार तमिळ भागातून आलेले, दलित समाजातले. १९३० मध्ये त्यांची बोटांच्या ठशांसह नोंदणी करायचा फतवा निघाला, तेव्हा त्यांनी संप केला. गुन्हेगारांसारखे ठसे का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, ८०० टनांहून जास्त सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडल्या. सिनेमातल्या रॉकीपेक्षा त्या संपातला एखादा साधा नोंदणी कागद जास्त बोलेल. यश नावाच्या हिरोवर नाराजी नाही, पण हे म्हणायला हवं.

भारतात खाणीच्या शिक्क्याच्या लगडी का दिसत नाहीत?

उत्तर कायद्यात आहे. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला. सामान्य माणसाला सोनं दागिन्यांच्या रूपात ठेवता येई, लगड किंवा बिस्किट ठेवणं गुन्हा. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या २७ वर्षांत ज्यांच्याकडे शिक्क्याचं सोनं होतं, त्यांनी ते वितळवून बांगड्या केल्या किंवा लपवलं. त्यामुळे आज कुणी 'आजोबांची खाणीतली लगड' म्हणून काही विकत असेल, तर आधी कागद मागावा.

चांदीचं तर आणखी वेगळं. भारतातली चांदी बहुतांशी शिसं आणि जस्ताच्या खनिजासोबत निघते, राजस्थानात. तिथल्या झावरला जस्त गाळायच्या शेकडो वर्षं जुन्या मातीच्या मुशी इतक्या पडल्या आहेत की लोकांनी त्या घराच्या भिंतींत विटांसारख्या वापरल्या. संग्रहालयात ठेवायची वस्तू तिथे गोठ्याची भिंत आहे, आणि त्यामुळेच टिकली आहे.

झाडीपट्टीतली सोन्याची माणसं

चंद्रपूर-गडचिरोलीत सोन्याची आठवण हवी असेल, तर खाणीऐवजी नदीकडे जावं लागेल. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीत एक नाव आहे: सोनझारी झारेका. नावातच धंदा आहे. नदीची वाळू लाकडी परातीत घेऊन पाण्यात हेलकावे द्यायचे, हलकी वाळू वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. कॅलिफोर्नियात १८४९ ला गेलेले गोरे तरुण पत्र्याच्या परातीने हेच करत होते. त्यांची परात आज लिलावात मिरवते.

आपल्याकडच्या या माणसांच्या हातातली कला पुढे सराफ बाजारात आली. सोनारांच्या दुकानांसमोरची धूळ, गटारातला गाळ गोळा करून त्यातले कण वेगळे काढायचे. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. गाळ धुणाऱ्या या माणसांची लाकडी परात हे महाराष्ट्रातलं सोनं काढण्याचं कदाचित सगळ्यात अस्सल अवजार आहे. पण लाकूड कुजतं, आणि परात फुटली की चुलीत जाते. तिला ना शिक्का, ना नंबर, ना तारीख. बाजाराच्या भाषेत तिला 'किंमत' नाही. हा दोष परातीचा म्हणायचा की बाजाराचा?

कुणाला हा छंद लागलाच तर

ऑनलाइन 'जुना खाण कामगारांचा दिवा' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंच सजावटीसाठी नव्याने बनवलेलं असतं. पितळ चकचकीत, आत काजळी नाही, वात कधी पेटलेलीच नाही. आणखी एक खूण: कार्बाइडचा दिवा उघड्या ज्योतीचा असतो, तो सोन्याच्या खाणीत चालायचा. मिथेन वायू असलेल्या कोळसा खाणीत उघडी ज्योत म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तिथे हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये शोधलेल्या जाळीच्या दिव्याची घराणी चालत आली. दोन्हींची सरमिसळ करून कुणी गोष्ट सांगत असेल तर सावध व्हा. आणि घरी आणलेला कार्बाइडचा दिवा पेटवून रील काढू नका, त्यातून निघणारा वायू पटकन पेट घेतो.

शेअर प्रमाणपत्र असेल तर कंपनी मेली आहे की नाव बदलून जिवंत आहे हे आधी पाहायचं. मेलेल्या कंपनीचा कागद संग्राहकाचा. पण कंपनी विलीन होऊन चालू असेल, तर तो कागद म्हणजे कुटुंबाचा हक्क असू शकतो. सात वर्षं न घेतलेला लाभांश आणि त्यामागचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात, ते वारसांना परत मागता येतात. पाचशे रुपयांना फ्रेमवाल्याला विकायच्या आधी एवढं तपासावं.

कायद्याचंही बघावं लागतं. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरातन ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत काही मौल्यवान सापडलं तर १८७८ चा गुप्तधन कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा १८७८ ची आहे, हसू आलं तरी नियम तोच.

आणि बंद खाणीत वस्तू शोधायला उतरणं हा शुद्ध वेडेपणा. आत प्राणवायू कमी असतो, छत कधी बसेल सांगता येत नाही, आणि खुल्या खाणीतलं हिरवंगार पाणी फोटोत दिसतं त्यापेक्षा फार खोल असतं.

मग चंद्रपूरचं काय?

या जिल्ह्यात कोळशाची खाण वरोऱ्याला १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. नंतर बल्लारपूर, माजरी, घुग्घुस असं करत खाणी पसरल्या. १९७३ मध्ये खासगी कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपली वेकोलि आली. म्हणून एखाद्या बिल्ल्यावर वेकोलिच्या आधीच्या खासगी कंपनीची आद्याक्षरं असतील, तर तो पन्नास वर्षांहून जुना असण्याची शक्यता जास्त. नागपूरजवळ सावनेरला वेकोलिने खाण पर्यटनासाठी इको पार्क केलं आहे, तिथे भूमिगत खाणीची प्रतिकृती बघता येते. प्रतिकृती चांगलीच आहे, पण तिच्यात कुणाचा नंबर नाही.

कोरपन्यातली गोष्ट तर अजून डोळ्यांसमोर घडतेय. आवारपूरचा कारखाना १९८० च्या दशकात एल अँड टीचा म्हणून सुरू झाला, २००४ नंतर तो अल्ट्राटेकचा झाला. गडचांदूरची माणिकगड सिमेंट २०१९ मध्ये अल्ट्राटेककडे गेली. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना २०२० मध्ये दालमियाने घेतला. उपरवाहीच्या अंबुजाची मालकी २०२२ मध्ये अदानी समूहाकडे आली. पाटी बदलली की जुन्या नावाची हेल्मेट, ओळखपत्रं, हजेरीचे बिल्ले, युनियनच्या पावत्या, जमीन संपादनाच्या नोटिसा एका दिवसात 'जुन्या' होतात. पहिल्या पिढीचे कामगार आता निवृत्त आहेत. त्यांच्या माळ्यावरची पेटी दिवाळीच्या साफसफाईत खाली येते आणि पितळ वेगळं, पत्रा वेगळा, रद्दी वेगळी अशी तराजूवर चढते.

संग्राहक ज्याला वस्तूचा माग म्हणतात, म्हणजे ती कुणाची, कुठली, कधीची, तो जोडायला पैसे लागत नाहीत. बिल्ल्याचा दोन्ही बाजूंनी फोटो. त्याच्याजवळ वापरणाऱ्याचं नाव, खाण किंवा विभाग, कामाची वर्षं आणि नंबर कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवायचं. कागद लॅमिनेट करायचा नाही, त्याने तो खराब होतो. पितळ घासून चकचकीत करायचं नाही, कारण घासताना नंबर झिजतो. आणि शक्य असेल तर ज्याचा बिल्ला आहे त्यालाच विचारून मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करायची: पहिल्या दिवशी खाली उतरताना दिवा कुणी दिला होता, आणि फळीवर कधी कुणाचा बिल्ला उरला होता का.